चिंचदरीचा उघडा उतार

१

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावरच्या घोंगडीतून पाणी गळत होतं. मी आत बोलावलं तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाई, मालकाला न्हेलं," ती म्हणाली. "हवालातीत टाकलंय. मेंढरं कोंडवाड्यात हायत. चारा न्हाई, खाली निस्ता चिखल. खुरं सडायलेत त्यांची."

मी तेव्हा जिंतूरच्या विकास गटात ग्रामसेविका होते. परभणी जिल्हा मुंबई राज्यात जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांवरचे फलक मराठी झाले होते, पण लोक जंगल खात्याला अजून 'जंगलात'च म्हणत. त्या जंगलातवाल्यांनी सुगंधाबाईच्या नवऱ्यावर, मल्हारीवर, फिर्याद केली होती. चिंचदरीच्या बंद रानात शेळ्यामेंढ्या घालून त्यानं नवी रोपं संपवली, असा आरोप होता. शिवाय रानाला लागून असलेली धनगरांची सगळी वस्ती पोळ्याच्या आत उठवायचा हुकूम निघाला होता.

"घातली होती का मेंढरं?" मी विचारलं.

"आखाडात एक डाव शेळ्या घुसल्या व्हत्या. खोटं कामून बोलू? पर खायला तितं व्हतंच काय? उघडा माळ हाय त्यो."

खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष दुसरीकडे होतं. आदल्या दिवशी मी खैरवाडीला बायकांच्या मेळाव्याला गेले होते. सगळ्यांचे हात मेंदीनं रंगले होते. गावातले बागायतदार आबासाहेब यांच्या मोसंबीच्या बागेत खुरपायला जाणारी कडूबाई तेवढी पदरात हात लपवून कोपऱ्यात बसली होती. प्रसाद घेताना तिचा हात बाहेर आला आणि बायका गप्प झाल्या. कडूबाई विधवा होती, आणि तिची बोटं लाल होती. कुणीतरी तिखट बोललं. ती उठून गेली. तिच्या बाजूनं मी एक शब्दही बोलले नाही, ते मला रात्रभर टोचत होतं.

कदाचित म्हणूनच मी सुगंधाबाईला म्हटलं, "चल. मोठे साहेब परभणीहून आलेत म्हणे. त्यांना भेटू."

मोठे साहेब म्हणजे दिनकरराव, जिल्ह्याच्या जंगलाचे अधिकारी. नुकसानीचा अंदाज करायला ते आले होते. आशेला फारशी जागा नव्हती. शेळी आणि रान एकत्र नांदत नाही, हे त्यांचं वाक्य गावोगावच्या पाटलांना पाठ होतं. धनगर त्यांना मागून 'शेळीचा वैरी' म्हणत.

डाक बंगल्याच्या ओसरीत ते बूट घालत होते. पन्नाशीचा वाकलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "बाई, गेल्या दिवाळीत मी स्वतः तो उतार पाहिलाय. सागाची रोपं गुडघ्याएवढी होती. आज अर्धा उतार मोकळा आहे. शेळीनं नाही तर कुणी खाल्ली?"

सुगंधाबाई माझ्या मागून पुढे आली.

"सायब, माझी शेळी साग खाती का, येवढं बघा. मग मालकाला फाशी द्या."

दिनकररावांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उद्या सकाळी चिंचदरीला या," ते म्हणाले.

२

चिंचदरीत तीन वर्षांपूर्वी झाडतोड झाली होती. तोडताना काही मोठी झाडं बियांसाठी राखली होती. त्यांचं बी पडावं आणि रान आपलं आपण उगवून यावं, अशी ती योजना. कुणी रोप लावायचं नाही, पाणी घालायचं नाही. फक्त रान बंद ठेवायचं आणि वाट बघायची.

उताराच्या मधून एक गाडीवाट गेली होती. वाटेच्या वरच्या अंगाला सागाची, धावड्याची, टेंभुर्णीची पोरं दाटीनं उभी होती. खालच्या अंगाला काही नव्हतं. लालसर मुरूम, त्यात चार राखलेली झाडं, बस्स.

जंगल नाक्याचे नाकेदार माणिकराव आमच्याबरोबर होते. चिंचदरीचं रान त्यांच्याच ताब्यात होतं. स्वच्छ खाकी कपडे, बोलणं मोजकं. फिर्याद त्यांनीच दिली होती.

"खालून कळप शिरला, साहेब," ते म्हणाले. "वाटेपर्यंत खाल्लं आणि वळला."

दिनकरराव उकिडवे बसले. बराच वेळ ते तिथून हललेच नाहीत. मग त्यांनी मला खूण करून शेजारी बसवलं. बहुधा त्यांना मोठ्यानं विचार करायला कुणीतरी हवं होतं.

"शेळी तरवडाला तोंड लावत नाही. रुईलाही नाही. वरच्या अंगाला दोन्ही आहेत. खाली ती झुडपं कुठं गेली?" मग हळू आवाजात, "आणि ती बाई म्हणाली ते खरं आहे. साग शेळी सहसा खात नाही. तुडवते, मोडते. मला हे माहीत होतं."

"मग मोडली असतील," मी म्हटलं.

"मोडू द्या. जाळा, छाटा, सागाचं मूळ जमिनीत जिवंत राहतं. पाऊस पडला की त्याच मुळातून पुन्हा कोंब येतो. श्रावण लागलाय. इथं एक तरी कोंब दिसायला हवा."

त्यांनी छोटी कुदळ मागवली आणि स्वतः खणलं. दोन-तीन जागी खणलं. मूळ नव्हतं. पहिल्याच घावाला मुरूम लागत होता. वरच्या अंगाला तीच कुदळ हातभर काळ्या, भुसभुशीत मातीत जात होती.

"खालचा भाग पहिल्यापासूनच हलका असेल," मी सुचवलं.

"उलट. उतारावरची माती आणि ओल खाली जमते. रोपं खाली जास्त जोमात असायला हवीत. होतीही."

माणिकराव पुढे झाले. "मृगाचा पाऊस फार जोराचा झाला, साहेब. माती वाहून गेली असेल."

दिनकररावांनी मान डोलावली आणि ते राखलेल्या एका झाडापाशी गेले. बुंध्याची मुळं वाळलेल्या बोटांसारखी उघडी पडली होती. खोडावर एक रेघ होती. रेघेच्या वर साल पांढरट, खाली मातकट. पूर्वी माती कुठपर्यंत होती, ते त्या रेघेवरून दिसत होतं. ते ओढ्यापर्यंत उतरले आणि परत आले. मग गाडीवाटेच्या कडेनं चालत गेले. तिथं गोटे एका बाजूला रचून ठेवल्यासारखे पडले होते.

माणिकराव नाक्याकडे निघून दिसेनासे झाले, तेव्हा कुठं दिनकरराव बोलले.

"पाणी माती नेतं तेव्हा ओढ्यात गाळ टाकतं. ओढ्यात गाळ नाही," ते म्हणाले. "पाणी सरळ रेघेत कापत नाही, ही कड सुतात आहे. आणि पाणी गोटे वेचून ढीग घालत नाही."

"म्हणजे?"

"रोपं कुणी खाल्ली नाहीत, सुमनबाई. त्यांच्या खालची जमीनच चोरीला गेलीय."

३

हवालातीत मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. साहेबांना पाहून तो उठला नाही.

"होळी झाली की आमी गोदेकडं जातो," तो म्हणाला. "सोनपेठच्या अंगाला. तिकडं शेतात मेंढरं बसवतो, लेंडीखत व्हतं, शेतकरी दाणे देतो. मृगाला परत आलो. आलो तवा उतार असाच व्हता."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? नाकेदाराला सांगितलं. त्यो म्हणला, तुझं तोंड बंद ठिव. म्या म्हणलं, रान तुमचं, मला काय. मग आखाडात शेळ्या घुसल्या तर काठी घिऊन मारायला आला. लय भांडण झालं."

दिनकररावांनी विचारलं, "इथं जवळपास कुणाच्या शेतात मेंढरं बसवतोस?"

"खैरवाडीच्या आबासायबाच्या बागंत. तितली जमीन लय भिकार, निस्ती चुनखड. दोन वर्सं माझीच मेंढरं बसली. पर अवंदा त्येंनी कळीवलं, गरज न्हाई."

बाहेर आल्यावर आम्ही बन्सीधरच्या वखारीत गेलो. चिंचदरीच्या तोडीचा ठेका त्याचाच होता. त्याच्या पदरी बैलगाड्या होत्या, मजूर होते, कोळशाच्या भट्ट्याही होत्या. भट्टीवर लाकडं रचून मातीनं लिंपावी लागतात. माझ्या मनात तोच चोर ठरून गेला होता.

बन्सीधरनं आम्हाला खाटेवर बसवलं आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"भट्टीची माती भट्टीपाशीच राहते, साहेब. जळून लाल होते. चला, दाखवतो. माझा उरलासुरला माल होळीच्या आधीच उठला. नंतर गाड्या भाड्यानं जातात, कोण नेतं ते गाडीवानाला ठाऊक." त्यानं पान तोंडात टाकलं. "आता मी एक विचारू? चिंचदरीतून गाडी काढायची तर रस्ता एकच. नाक्याच्या आडव्या लाकडाखालून. मी दात कोरायला काडी नेली तरी माणिकराव गाडी रिकामी करून बघतो. तुमची एवढी माती काय पाखरांनी उचलून नेली?"

आम्ही रस्त्यावर आलो. पाऊस थांबला होता. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही.

"गाड्या नाक्यावरून गेल्या," मी म्हटलं.

"हो."

"मग माणिकरावांना..."

"त्या माणसाला मी नोकरीत घेतलंय," ते एकदम म्हणाले. "रझाकारांच्या दिवसांत सगळे नाके ओस पडले होते. हा एकटा तिथं उभा राहिला. बंदूक छातीला लावली तरी त्यानं लाकूड जाऊ दिलं नाही. तो विकला जाणारा माणूस नाही, सुमनबाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनंती होती. ती मला केलेली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा उतारावर होतो. कोंडवाड्यात रात्री काही मेंढरं मेल्याचं सुगंधाबाईनं सकाळीच सांगितलं होतं. दिनकरराव सतत येरझाऱ्या घालत होते.

"समजा, ती माती शोधायची," ते म्हणाले. "कशी ओळखायची? लाकडावर ठोकलेला शिक्का असतो. जनावराच्या कानाला खूण असते. माती एकदा शेतात पसरली की ती कुणाची, हे कोण सांगणार?"

मी ऐकत होते, आणि बोटांना चाळा म्हणून शेजारच्या सागाच्या रोपाचं एक कोवळं पान तोडून चुरगाळत होते. हाताला ओल लागली म्हणून मी खाली पाहिलं. बोटं लालभडक झाली होती.

मी रक्त समजून दचकले. मग लक्षात आलं, रक्त नव्हे, पानाचाच रंग.

"सागाच्या कोवळ्या पानाला तो रंग असतो," दिनकरराव म्हणाले. "दोन दिवस जात नाही."

मी बोटांकडे बघत राहिले. नखांच्या कडेनं गडद, पेरांवर फिका. तळहात कोरा. मेंदी अशी कुणी लावत नाही. कडूबाईचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

मी त्यांना सगळं सांगितलं. नागपंचमी, विधवा बाई, बायकांचं गप्प होणं, तिचं उठून जाणं. सांगताना मला शरम वाटत होती, पण ते शेवटपर्यंत मध्ये बोलले नाहीत.

"ती काय काम करते म्हणालात?"

"खुरपणी. बागेतलं तण उपटते."

"खैरवाडीच्या शिवारात साग आहे?"

"एकही झाड नाही. सगळा चुनखडीचा माळ आहे. तिथं बाभूळसुद्धा धड होत नाही."

ते चालायला लागले होते. मला मागून पळावं लागलं.

"माती कुणाची, ते कुणी सांगायची गरज नाही," ते जाता जाता म्हणाले. "ती स्वतःच सांगतेय. ज्या बाईच्या हाताला ती सांगतेय, तिला तुमच्या गावानं मेळाव्यातून उठवलं."

५

आबासाहेबांनी आमचं स्वागत अगदी मनापासून केलं. खैरवाडीत पाटाचं पाणी आणि इंजिन आणणारे ते पहिले. मोसंबीची बाग दाखवायला त्यांना फार आवडे.

"गेल्या साली कुणी बाग दाखवा म्हटलं असतं तर मी लाजलो असतो," ते म्हणाले. "पानं पिवळी पडून गळत होती. चुनखडीपुढं खत चालेना. आता बघा."

झाडं खरोखर हिरवीगार होती. प्रत्येक झाडाच्या बुडाशी काळ्या मातीचं रुंद आळं होतं आणि दोन आळ्यांच्या मध्ये पुन्हा तीच पांढुरकी चुनखड. एका ओळीत कडूबाई खुरपत होती. मला पाहून तिनं हात मागं घेतले. मी जवळ जाऊन तिच्यासमोर माझी लाल बोटं धरली. ती आधी बावरली, मग हसू दाबत म्हणाली, "तुमी बी खुरपाय लागला का बाई?"

"हे कसलं तण आहे गं?"

"काय म्हाईत. रुंद पानाचं. उपटलं की पुन्हा येतंय. मुळी लय जाड, खाली काठीवानी."

बांधावर उपटलेल्या तणाचा ढीग सुकत पडला होता. दिनकररावांनी तो एकेक काडी करून मांडला. साग. धावडा. टेंभुर्णी. आपटा. काही सागांची मुळं अंगठ्याएवढी जाड होती आणि त्यांचा वरचा भाग पूर्वी कधीतरी तोडलेला होता.

"यंदाच्या बियांतून हे झालेलं नाही," ते आबासाहेबांना म्हणाले. "हे मूळ दोन-तीन पावसाळे जुनं आहे. ते आधी दुसरीकडे वाढलंय, मग मातीबरोबर तुटून इथं आलंय आणि पुन्हा फुटलंय. ही माती कुठून आणलीत?"

आबासाहेबांच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरला. "तळ्याचा गाळ आहे. व्याह्यांनी व्यवस्था केली."

"तळ्याच्या गाळात साग उगवत नाही. व्याही कोण तुमचे?"

उत्तर त्यांनी दिलं नाही. ते मागून आलं. चहाचे पेले घेऊन सून उभी होती. नर्मदाबाई तिचं नाव. वीस-एकवीस वर्षांची असेल. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, पण आवाज स्पष्ट होता.

"माझे वडील," ती म्हणाली. "चिंचदरीच्या नाक्यावर आहेत. माणिकराव."

"सूनबाई, आत जा," आबासाहेब म्हणाले.

ती गेली नाही. पेले तिनं बांधावर ठेवले.

"मी या घरात आले आणि त्याच साली बाग पिवळी पडली," ती दिनकररावांना सांगू लागली. "सगळे म्हणायला लागले, सुनेचा पायगुण वाईट. सासूबाई म्हणाल्या, हिला परत धाडा. माणसं पाठवून तसा निरोपही दिला. बाबा आले. बागेत बसले, जमीन उकरून पाहिली. मला म्हणाले, पोरी, दोष जमिनीचा आहे, तुझा नाही, पण हे इथं कुणी ऐकायचं नाही. होळीनंतर रोज सकाळी गाड्या यायला लागल्या."

आबासाहेब बागेकडे पाहत होते. "मी विचारलं नाही," ते शेवटी म्हणाले. "झाडं सुधारली, मी विचारलं नाही."

६

माणिकराव नाक्याच्या खोलीत कंदिलाची काच पुसत होते. दिनकररावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले.

"खैरवाडीहून आलो," एवढंच ते म्हणाले.

काच पुसायची थांबली. माणिकरावांनी ती जपून खाली ठेवली.

"नर्मदा बोलली?"

"साग बोलला. तिनं नंतर सांगितलं."

बाहेर आडव्या लाकडावर बसून नाक्याचा शिपाई बिडी ओढत होता. माणिकरावांनी दार लोटून घेतलं.

"लाकूड मोजतात, साहेब. डिंक मोजतात, गवताच्या पेंढ्या मोजतात. माती कुणी मोजत नाही. मला वाटलं, वरचा थरच तर जाईल. रान मोठं आहे, पुन्हा येईल. धनगर गोदेकडे गेले होते, पाहायला कुणी नव्हतं. गाडीवानांना सांगितलं, सरकारी बांधाचं काम आहे." ते थांबले. "पहिल्या पावसानंतर मी रोज जात होतो. वाटायचं, आज कोंब दिसेल. काहीच आलं नाही. मी इतकी वर्षं रानात काढली, पण उतारावरून काय उचललं, ते मला तेव्हा कळलं."

"मुलीसाठी केलंत, ते मी समजू शकतो," दिनकरराव म्हणाले. "पण मल्हारीनं तुमचं काय बिघडवलं होतं? त्याच्या आयुष्यातून उठवत होतात त्याला. सगळी वस्ती उठवत होतात."

माणिकरावांनी नजर चुकवली नाही.

"तुम्ही पाहणीला येणार, असं कळलं. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं. बन्सीधरचं घेतलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता. पाण्याचं म्हटलं तर ओढा पाहिला असता. शेळीचं नाव घेतलं की तुम्ही पुढचं विचारत नाही, साहेब. ते मला ठाऊक होतं. तुमच्याकडूनच शिकलो."

मी दिनकररावांकडे पाहिलं नाही. पाहणं बरं दिसलं नसतं.

"ती बाई डाक बंगल्यावर आली नसती," दिनकरराव म्हणाले, "तर मी नुकसानीचा आकडा लिहून परभणीला गेलो असतो."

"हो," माणिकराव म्हणाले.

त्यांनी खुंटीवरची नाक्याची किल्ली काढली आणि टेबलावर टोपीशेजारी ठेवली.

७

मल्हारी दुसऱ्याच दिवशी सुटला. माणिकराव स्वतः चालत जिंतूरला गेले आणि हजर झाले. आबासाहेबांवरही खटला भरला गेला, तो पुढं बरीच वर्षं रेंगाळला. माती मात्र परत आणता आली नाही. ती उचलायची तर मोसंबीची मुळं उघडी पडली असती आणि उतारावर ती नुसती ओतून टिकलीही नसती.

नर्मदाबाई त्या आठवड्यात माझ्याकडे आली. सोबत एक ट्रंक होती.

"मला परत धाडायचं ते बोलत होते," ती म्हणाली. "आता बाबांचं नाव निघालं तर पुन्हा बोलतील. म्हणून मीच आले. तुमच्या त्या शिवणाच्या वर्गात जागा आहे का?"

जागा नव्हती. मी केली. कडूबाईला मात्र मला शोधत जावं लागलं. मी तिच्या झोपडीत बसून क्षमा मागितली. तिनं ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि विषय बदलला. क्षमा मिळाली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

पोळ्याच्या आधी दिनकरराव धनगरांच्या वस्तीवर आले. मला बरोबर घेतलं होतं. मल्हारी कोंडवाड्यातून आलेल्या मेंढरांच्या खुरांना हळद आणि तेल लावत बसला होता. सुगंधाबाई एकेक मेंढरू धरून देत होती. कुणी घोंगडी अंथरली नाही. दिनकरराव जमिनीवरच बसले.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "मी आधी बघायला हवं होतं."

मल्हारीनं हातातलं खूर सोडलं नाही. "मेलेली मेंढरं?"

"त्यांची भरपाई मिळावी म्हणून मी लिहिलंय. मिळेलच असं सांगत नाही."

"आन वस्ती उठवायचा हुकूम?" सुगंधाबाईनं विचारलं.

"रद्द केला."

"तोंडी?"

"लेखी. पाटलाकडे प्रत दिलीय, एक तुमच्याकडे ठेवा."

तिनं कागद घेतला, माझ्याकडे वाचायला दिला आणि मी वाचून संपवेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तो घडी करून चोळीत ठेवला.

दिनकरराव अजून उठत नव्हते. त्यांना आणखी काही बोलायचं होतं आणि ते त्यांना जड जात होतं.

"त्या उतारावर आता बी पडलं तरी रुजत नाही," ते म्हणाले. "मुरूम ओल धरत नाही. माती व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. पण पाऊस संपल्यावर, रोपं नसताना, तिथं मेंढरं बसवली तर... लेंडीखत पडेल, वरचा मुरूम खुरांनी थोडा फुटेल. आडवे बांध मी घालून घेतो. मग मृगात पडलेलं बी कदाचित धरेल. मेंढरं फक्त रात्री बसवायची. सकाळी बाहेर."

मल्हारीनं पहिल्यांदा मान वर केली.

"बंद रानात? माजी मेंढरं?"

"हो."

"तुमी सांगायलाव हे?"

"मीच सांगतोय."

मल्हारीनं बायकोकडे पाहिलं. त्यानं दुसरं मेंढरू ओढलं, त्याचं खूर वळवून पाहिलं, बोटानं घाण काढली.

"दाण्याचं काय?" सुगंधाबाईनं विचारलं. "शेतकरी दाणे देतो. सरकार काय देतंय?"

दिनकरराव गोंधळले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "विचार केला नव्हता. करतो. वरच्या माळावर चराई खुली करता येईल, दिवाळीपर्यंत."

"होळीपतुर," सुगंधाबाई म्हणाली.

"होळीपर्यंत."

सगळे मल्हारीच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यानं मेंढराला सोडलं. ते लंगडत चार पावलं गेलं आणि उभं राहिलं.

"आत्ता न्हाई सांगत," तो म्हणाला. "मेंढरं अशक्त हायत, सायब. त्यांच्या पायात जोर येऊ द्या. मग बघू."